रात्र कोणी व्हायचं?

माझ्या लेकीला पहिलीत असताना हॅलोविनला चंद्र व्हायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून तिने घोशा लावला होता, आय विल बी द मून. कागदाचे गोल कापून कपाळाला चिकटवायची आणि घरभर हळूहळू चालायची, कारण चंद्र धावत नाही म्हणे. तिचा बाबा म्हणायचा, चंद्र तर चंद्र, ऑनलाइन मागवून टाकू. त्या माणसाला सगळं मागवता येतं. गोष्ट मागवण्याची नव्हती, हे त्याला सांगून काय उपयोग!

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या गल्लीत तेव्हा मराठी घरं तीन. एक आमचं. एक जुळ्यांचं, म्हणजे दोन सारख्या मुली आणि त्यांची कायम दमलेली आई. आणि तिसरं ताईंचं. ताई वयाने माझ्यापेक्षा लहानच, पण अमेरिकेत आमच्या सगळ्यांच्या आधी आलेल्या, म्हणून ताई. कुठली शाळा चांगली, कुठला दातांचा डॉक्टर लुटतो, गणपतीला मोदक कोणी करायचे, सगळं ताई ठरवणार. त्यांची मुलगी आमच्या मुलींच्याच वर्गातली. घारी, गोरीपान. ताई तिला सगळ्यांसमोर 'माझी परदेशी' म्हणायच्या, आणि आम्ही हसायचो.

त्या उन्हाळ्यात ताईंकडे मुलींचं स्लीपओव्हर झालं. जुळ्यांना बोलावलं, माझीला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, गाद्याच पुरत नव्हत्या." चार बेडरूमचं घर यांचं! माझी पोर त्या संध्याकाळी खिडकीशी उशी घेऊन बसली होती. तेव्हापासून तिला एकच भीती होती की त्या तिघी तिला सोडून देतील. हॅलोविनला त्यांच्याबरोबर फिरायला मिळालं नाही, तर नंतर शाळेत जेवायलाही कोणी शेजारी घेणार नाही, हे तिने मला स्वतः सांगितलं होतं. सहा वर्षांच्या पोरीने!

सप्टेंबरात ताईंकडे पॉटलक झालं, प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ न्यायचा. मुली बेसमेंटमध्ये खेळत होत्या. आम्ही तिघी किचनमध्ये, जिन्याच्या दाराशीच. ताईंनी मिसळीवर फरसाण घालता घालता जाहीर केलं की या वर्षी मुलींचा ग्रुप कॉस्च्यूम करायचा. आकाश! "माझी चंद्र. जुळ्या चांदण्या."

मी म्हटलं, "ताई, आमचीला चंद्र व्हायचंय हो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पळीकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. "अगं, तिला आपण रात्र करू या! कित्ती गोड दिसेल! तिला तर मेकअपसुद्धा नको."

जुळ्यांची आई हसली. तिला कशालाही हसायची सवय आहे, पण त्या दिवशी जरा जास्तच हसली.

मी सोलापूरची. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि जीभ, दोन्ही झणझणीत. म्हटलं, "खरंय ताई. तुमचीलाही नको मेकअप. चंद्राला स्वतःचा उजेड असतोच कुठे? आईनेच पाडायचा."

ताईंचं हसू जागच्या जागी थांबलं. "किती गं मनाला लावून घेतेस? जोक होता," म्हणाल्या. जोक! आपण सुरी फिरवायची, आणि रक्त आलं की समोरच्याला म्हणायचं, तुझीच कातडी पातळ. ही कला मी पुष्कळ घरांत बघितली आहे, माझ्या माहेरी धरून.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे लेक खाली होती, तिच्या कानावर काही गेलं नाही, असं मी गाडीत नवऱ्याला म्हटलं. इथे आम्हा सगळ्यांची एक समजूत आहे, मराठीत बोललं की झाकलं. दुकानाच्या लायनीत पुढच्या बाईच्या केसांबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, खणखणीत आवाजात मराठीत बोलायचं. पोरांच्या बाबतीतही तेच. ती इंग्लिशमध्ये उत्तरं देतात, म्हणून त्यांना मराठी कळत नाही असं धरून चालायचं. मागच्या सीटवर लेक खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं की तू रात्र होणार आहेस. तिने आपला हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "बिकॉज आयॅम ब्राउन?"

"अगं, ताईंची मुलगी पण ब्राउनच आहे."

"शी इज लाइट ब्राउन."

मला लहानपणी कोणी काळी म्हटलं की आई म्हणायची, कृष्ण नाही का काळा? कृष्णाचं नाव निघालं की समजावं, समोरच्याला दुसरं काही सुचत नाहीये. मी ठरवलं, कृष्ण काढायचा नाही. मी तिला मांडीवर घेतलं, गळ्यात हात टाकला आणि म्हटलं, "अगं वेडे, चंद्र काय, एवढासा असतो. रात्र नसेल तर चंद्र कुणाला दिसणार? रात्र सगळ्यांत मोठी. चंद्र, चांदण्या, सगळ्या तिच्या पोटात राहतात." मला स्वतःलाच ते ऐकून बरं वाटलं. तिने विचारलं, "रिअली?" मी म्हटलं, आईशप्पथ.

आणि मग मला झपाटल्यासारखं झालं. रात्र म्हणजे काय, दाखवतेच एकेकीला! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी मला चंद्रकळा घेतली होती. काळीभोर, रेशमी, अंगभर बारीक बुट्टे. वर्षभर काळ्याला नाकं मुरडणारी आपली माणसं संक्रांतीला तेवढी काळं नेसवतात. ती मी कापली. घोळदार झगा केला, वर पायापर्यंत लोळणारा केप. बुट्टे मोकळे राहतील असे शिवले आणि मधेमधे टिकल्या लावल्या.

त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकमेकांच्या अंगावरच आले होते. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर झगा बघितला. "ऐन दिवाळीत काळं? आणि चंद्रकळा कापलीस? त्यात पोर आधीच…" एवढं म्हणून थांबल्या. मग "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये," म्हणाल्या. येत होता आवाज. मी म्हटलं, "बोला की आई, आधीच काय?" त्यांनी फोन ठेवला.

हॅलोविनच्या दिवशी दुपारपासून भुरभुर पाऊस आणि अंगात शिरणारा वारा. आमच्याकडे पोरं तिन्हीसांजेच्या आतच फिरून येतात, तरी ढगांमुळे चार वाजताच अंधारून आलं होतं. ताईंच्या मुलीच्या पाठीवर थर्माकोलचा मोठा चंद्र, आत बॅटरीचे दिवे. जुळ्यांच्या डोक्यावर चंदेरी चांदण्या. सगळ्यांच्या हातात भोपळ्याच्या बादल्या. आम्ही आया मागे, छत्र्या घेऊन.

पहिल्या दारात आजीबाई होत्या. "ओह, अ मून! टू स्टार्स! अँड अ लिटल विच!"

माझी म्हणाली, "आयॅम द नाइट."

"ऑफ कोर्स यू आर," म्हणून आजीबाईंनी चॉकलेट टाकलं. दुसऱ्या दारात, विच. तिसऱ्यात, वटवाघूळ. तिथेही तिने सांगितलं, आयॅम द नाइट, पण आवाज बारीक झाला होता. पुढच्या दारात परत विच म्हणाले, तेव्हा ती नुसती मान हलवून हो म्हणाली.

त्याच्या पुढच्या घरी पोर्चचा दिवा मिणमिणता होता. आतल्या माणसाने चंद्राला दिलं, चांदण्यांना दिलं, हॅपी हॅलोविन म्हणाला आणि दार लावून घेतलं. माझी पोर बादली पुढे करून तिथेच उभी. तिच्या बादलीत वरून फक्त पाऊस पडत होता.

मागून ताई हसल्या. "अगंबाई! त्याला दिसलीच नाही ही!"

माझं डोकं फिरलं. मी तडक पायऱ्या चढून बेल दाबली, दोनदा. तो माणूस बिचारा ओशाळला, सॉरी सॉरी म्हणत मूठ भरभरून द्यायला लागला. पोरीने बादली पाठीमागे नेली. घेईना. मी तिच्या हातातून बादली घेतली आणि म्हटलं, घाला हो. मग खाली उतरून ताईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "त्याला अंधारात दिसली नाही. तुम्हाला तर भर उजेडातही दिसत नाही. तुमच्या डोळ्यांचं बघा काहीतरी."

ताई म्हणाल्या, "बाई गं, सणावाराचं काय हे!"

तेवढ्यात वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि थर्माकोलचा चंद्र मधोमध काडकन मोडला. दिवे विझले. ताईंच्या पोरीने भोकाड पसरलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मनात उकळ्या फुटल्या. सहा वर्षांच्या पोरीचं रडणं ऐकून चाळिशीच्या बाईला गुदगुल्या व्हाव्यात, एवढी खालची पातळी, पण झाल्या.

आणि मग माझ्या लेकीने केप दोन्ही हातांनी पसरला आणि तिघींना हाक मारली. "कम इन माय टमी! यू ऑल लिव्ह इन माय टमी!" तुटका चंद्र आणि दोन भिजलेल्या चांदण्या चंद्रकळेच्या आत शिरल्या. खिदळायला लागल्या. पुढची सगळी घरं त्या चौघी तशाच फिरल्या, एका काळ्या केपखाली, आठ पायांचं काहीतरी असल्यासारख्या. दारातली माणसं टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, दे लाइक मी नाऊ." मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. मला वाटलं, जिंकले मी.

आणि खरंच, त्यानंतर तिची पत वाढली. पुढच्या स्लीपओव्हरला पहिलं बोलावणं तिला. शाळेत ती मधे बसणार आणि बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंना. ताईही मऊ झाल्या. मी झगा धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवला.

पुढच्या वर्षी हायवेजवळच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरहून एक कुटुंब राहायला आलं. नवऱ्याची नवी नोकरी, बायको लाजरीबुजरी, बोलताना पदर नसतानाही खांद्यावरून पदर सारखा करणारी. मुलगी आमच्या मुलींच्याच वर्गात आली. माझ्या लेकीपेक्षा दोन छटा सावळी, मोठ्या डोळ्यांची. इंग्लिश अजून अडखळत होतं, म्हणून आमच्या पोरींना खूश करायला धडपडायची. तिची आई मला म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीबरोबर जरा राहू द्याल का हिला? शाळेत एकटीच डबा खाते." ताई म्हणाली मला. मला आवडलं ते.

म्हणून त्या वर्षी हॅलोविनची बैठक आमच्याकडे ठरली. मी कांदाभजी केली. जुन्या ताई आल्या, जुळ्यांची आई आली, नागपूरची आली. आम्ही चौघी चहा घेऊन फॅमिली रूममध्ये बसलो आणि पाचही पोरी समोरच गालिच्यावर.

ताईंच्या पोरीनेच सुचवलं की परत आकाश करू या, गेल्या वर्षी फार मजा आली होती. माझी लेक लगेच म्हणाली, "धिस टाइम आयॅम द मून." कोणी हूं की चूं केलं नाही. ताईंच्या मुलीने मान डोलावली आणि आपण ढग होऊ म्हणाली.

माझ्या पोटात काय आनंद झाला, कसं सांगू! उन्हाळाभर कागदाचे गोल कापणारी माझी पोर, शेवटी चंद्र!

नागपूरची पोर हळूच म्हणाली, "आणि मी? मला पण मून आवडतो."

माझी लेक उठली. धावत वर गेली. धावतच खाली आली, हातात चंद्रकळेचा झगा. तो तिने त्या मुलीच्या खांद्यांना लावून मापला, जसा मी तिला मापायचे तसाच. मग तिच्या गळ्यात हात टाकला. जी पोर एरवी चार शब्द सलग मराठीत बोलत नाही, ती माझ्याच आवाजात, माझ्याच लाडाने, स्वच्छ मराठीत म्हणाली, "अगं वेडे, चंद्र काय, एवढासा असतो. रात्र नसेल तर चंद्र कुणाला दिसणार? रात्र सगळ्यांत मोठी."

मुलीने विचारलं, "खरंच?"

"आईशप्पथ," माझी लेक म्हणाली. मग तिने तिला नीट न्याहाळलं, खालपासून वरपर्यंत, आणि खळखळून हसली. "तुला तर मेकअपसुद्धा नको."

ताई भजी उचलता उचलता म्हणाल्या, "किती छान समजावते गं. अगदी तुझ्यावर गेलीय."

लेकीने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बरोबर केलं की बघते तसं, शाबासकीसाठी.

नागपूरची बाई कप हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, एवढंच. ताईंना मी दोनदा ऐकवलं होतं, सासूबाईंनाही सोडलं नव्हतं. आज समोर माझी पोर होती, आणि ती चंद्र झाली होती.

"चहा घ्या ना," मी म्हटलं, "गार होतोय."