दूध सोडलेल्या सकवारबाई

सकवारबाई पतंगे यांचे डोळे सकाळच्या कॉफीशिवाय उघडत नाहीत, असं त्यांचे यजमान पिराजी चेष्टेनं म्हणत. कॉफीही साधी नव्हे. पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेलं दाट डिकॉक्शन आणि वर सायीसकट दूध. अशा बाईनं एके दिवशी दूध सोडलं, आणि त्याबरोबर दही, ताक, लोणी, तूप सगळंच सोडलं. का सोडलं, ते बनशंकरीच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्यासाठी सोडलं त्या मुलाला तेवढं ठाऊक नव्हतं.

पतंगे मूळचे रंगारी. चिक्कपेटेच्या बाजारामागच्या बोळात पिराजींचं साड्या रंगवून देण्याचं दुकान होतं. सकवारबाई लग्न होऊन हुबळीहून इथं आल्या आणि वर्षभरात उकळत्या रंगात काठी फिरवायला शिकल्या. डाळिंबी आणि अंजिरी यांतला फरक त्या ओल्या कापडावरही सांगत. पुढं गिरण्यांच्या पक्क्या रंगाच्या साड्या आल्या आणि दुकान बसलं. पाठोपाठ पिराजीही गेले. एकुलता एक योगीराज दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. त्याचं कन्नड अक्षर इतकं वळणदार होतं, की शेजारचे शेषगिरीराव रस्त्यानं जाताना खरेदी नसली तरी त्या पाट्यांसमोर थांबत.

नव्वद सालानंतर योगीराजला एक मोठं काम मिळालं. म्हैसूरच्या पलीकडे, कुशालनगरच्या अलीकडे बैलकुप्पे आहे. तिथं तिबेटी लोकांची वसाहत आहे. त्यांच्या एका मठात नवं मंदिर उभं राहत होतं आणि खांब रंगवायला माणसं हवी होती. काम थोड्या दिवसांचं म्हणून तो एक पिशवी घेऊन गेला. खांब झाले, तुळया झाल्या. मग तिथल्या म्हाताऱ्या चित्रकारानं त्याला भिंतीवरच्या चित्रांतले ढग भरायला बसवलं. ‘अजून थोडं काम आहे’ असा निरोप येई. वर्ष उलटल्यावर शेषगिरीरावांच्या फोनवर त्यानं आईला सांगितलं, की आपण दीक्षा घेतली आहे आणि आता इथंच राहणार.

‘‘नावच योगीराज ठेवलंत, मग दुसरं काय होणार?’’ नणंद कृष्णाबाई म्हणाल्या. त्या मुलासह पुढच्याच गल्लीत राहत. ‘‘आमचा नंदकिशोर बघ. लोण्यासारखा घराला चिकटून बसलाय. हलवला तरी हलत नाही.’’

‘‘वन्सं, तो नोकरी शोधत नाही म्हणून घरात आहे.’’

‘‘आहे ना पण घरात?’’

त्या संध्याकाळी दिवा लावून सकवारबाई कुलदेवी हिंगळाजमातेच्या तसबिरीपुढे बसल्या. देवीशी बोलताना शब्द नेमका हवा, मोघम बोललं तर देवी आपल्या सोयीनं अर्थ लावते, हे त्यांना सासूनं शिकवलं होतं. म्हणून जुळवून जुळवून त्या म्हणाल्या, ‘‘माझा योगी या घराच्या आत बसून माझ्या हातचं पोटभर जेवेपर्यंत मला दूध-दुभतं वर्ज्य.’’ सासूनं आणखी एक सांगितलं होतं. ज्याच्यासाठी व्रत धरायचं त्याला ते कळू द्यायचं नाही. कळलं की ते व्रत राहत नाही, त्याचा तगादा होतो.

मग त्या वर्षातून एकदोनदा बैलकुप्प्याला जाऊ लागल्या. सकाळी लाल बसनं निघायचं, कुशालनगरच्या एका लॉजमध्ये उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी रिक्षानं मठात. पहिल्यांदा त्या मंदिराच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा पोराला भेटायला आलो आहोत हेसुद्धा क्षणभर विसरल्या. शेंदरी, हळदी, मोरचुदी, पोपटी, गडद निळा. छतापासून रेशमी पट्ट्या लोंबत होत्या, खांबांना सोनेरी सर्पासारखे प्राणी वेटाळून होते. एवढे भडक रंग शेजारी ठेवले की ते भांडतात, असं पिराजी म्हणत. इथं ते भांडत नव्हते. सकवारबाईंनी जवळ जाऊन पाहिलं, तर दर दोन रंगांमध्ये पांढऱ्याची बारीक कड होती.

‘‘यातला तुझा कुठला?’’ त्यांनी विचारलं.

योगीराजनं डावीकडचा एक खांब दाखवला. डोकं भादरलेलं, अंगावर अंजिरी वस्त्र, एक दंड उघडा. त्याचा दंड इतका गोरा होता हे त्यांना आठवतच नव्हतं. त्यांनी त्या खांबावर तळहात टेकवला आणि मग बुद्धाच्या उंच मूर्तीकडे पाहिलं. पुढं प्रत्येक खेपेला हाच क्रम राहिला. आधी खांब, मग देव.

खाण्याची मात्र पंचाईत होई. पहिल्या भेटीत योगीराजनं हौसेनं त्यांच्यापुढे लोण्याचा खारा चहा ठेवला. वर पिवळे तवंग. सकवारबाईंनी पेला हातात धरला, निवेपर्यंत धरला, आणि पोट बिघडलंय म्हणून खाली ठेवला. पुढच्या खेपेलाही पोट बिघडलेलंच होतं. तेव्हापासून तो त्यांना वसाहतीतल्या एका छोट्या खाणावळीत नेई आणि बिनदुधाचं काय काय ते मागवी. वाफवलेल्या पावाच्या पांढऱ्याशुभ्र गुंडाळ्या, लाल मिरचीची झणझणीत भाजी, पालेभाजी घातलेलं शेवयांचं कढण. कुशालनगरच्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून त्या प्रसिद्धच झाल्या होत्या.

‘‘तुप्पा बेडा,’’ त्या वाढप्याला बजावत. तूप नको. ‘‘मोसरु बेडा, बेण्णे बेडा.’’ दही नको, लोणी नको.

‘‘मग अक्का, काय आणू ते तरी सांगा,’’ तो म्हणे. ‘‘पाणी चालेल ना?’’

इडली, खोबऱ्याची चटणी, लिंबू पिळलेला भात म्हणजे चित्रान्न, तांदळाची भाकरी. काळी कॉफी. काळी कॉफी पिताना त्या चेहरा वाकडा करत नसत, पण शेवटचा घोट नेहमी राही.

एकदा खाणावळीत समोरच्या बाकावर एक जर्मन बाई त्यांच्यासारख्याच कोरड्या पावाच्या गुंडाळ्या खात बसली होती. योगीराज म्हणाला, ‘‘आई, या पण तुझ्यासारख्याच. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही.’’

सकवारबाईंना त्या बाईविषयी एकदम माया वाटली. ‘‘कुणासाठी सोडलंय?’’

‘‘गाईसाठी.’’

‘‘का, गाय घर सोडून गेलीय?’’

योगीराज हसत सुटला. आई हसली नाही हे पाहून तो थांबला, आणि काहीतरी विचारणार तोच मठाची घंटा झाली.

त्याला कळलं ते शेवटी कृष्णाबाईंकडून. एका खेपेला त्या सोबत आल्या होत्या. सकवारबाई मंदिरात दिवे लावायला गेल्या. दिव्यात लोणी असे, पण व्रत खाण्याचं आहे, लावण्याचं नाही, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. तेवढ्या वेळात बाहेरच्या पायरीवर कृष्णाबाईंनी भाच्याला गाठलं.

‘‘तुझ्या आईचं पोट बिघडलेलं नाही, कळलं का? तुझ्यापायी तिनं दूध टाकलंय. हाडं बघ कशी निघालीत. तुम्ही म्हणे मुंगीवर पाय पडला तरी हळहळता. आईवर पडलाय तो दिसत नाही?’’

योगीराजनं मंदिराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, ‘‘कधीपर्यंत टाकलंय?’’

‘‘तू घरी येऊन, आत बसून तिच्या हातचं जेवेपर्यंत.’’

तो आला, जानेवारीच्या एका रविवारी. आदल्या दिवशी शेषगिरीराव निरोप घेऊन आले तेव्हा सकवारबाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली. त्या तडक बाजारात गेल्या आणि भरभरून अवरेच्या म्हणजे पावट्याच्या शेंगा आणल्या. थंडीतल्या या शेंगांचे दाणे भिजवून, चिमटीत दाबून साली काढायच्या आणि मसाल्यात आमटी करायची. योगीराजचा जीव होता त्या आमटीवर. साली काढता काढता त्यांची बोटं सुरकुतली. सोबत भाकरी, वांग्याचं भरीत, भात, खोबरं-गुळाच्या पोळ्या. कृष्णाबाई सकाळीच हजर झाल्या, आणि त्यांनी दूध तापवून ठेवलं.

‘‘त्याला जेवून हात धुऊ दे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘की लगेच कॉफी. तुला माझ्या हातानं करून देते.’’

योगीराज आला. सोबत कुणी नव्हतं. फाटकापाशी त्याला पाहून समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. तो कट्ट्यापाशी थांबला, वाकून आईच्या पायांना हात लावू लागला. भिक्षूनं तसं करायचं असतं की नसतं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कुणी काही म्हणालं नाही.

‘‘राहणार ना दोन दिवस?’’ सकवारबाईंनी विचारलं.

‘‘संध्याकाळच्या बसनं जातो, आई. मला सिक्कीमच्या मठात पाठवताहेत, शिकायला. पुष्कळ वर्षं लागतील.’’ तो एक चप्पल काढून दुसरीचा पट्टा सोडवत होता. खाली पाहूनच म्हणाला, ‘‘आत्यानं सांगितलं मला. तू माझ्यापायी असं राहावंस हे बरोबर नाही. आज जेवतो पोटभर. तुझं सुटेल, मग मीही मोकळ्या मनानं जाईन.’’

सकवारबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं त्या याच घटकेची वाट पाहत होत्या. पोरगा दारात उभा होता, आमटी चुलीवर होती, मध्ये फक्त उंबरठा. त्यानं तो ओलांडावा, जेवावं, आणि मग सगळं फिटलं म्हणून उठून जावं. देवीनं शब्द पाळला असता. नंतर त्यानं पुन्हा यावं म्हणून मागायला तोंड राहिलं नसतं.

‘‘थांब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आत येऊ नकोस. फरशी ओली आहे.’’

‘‘ओली कुठं, सकवार?’’ कृष्णाबाई आतून म्हणाल्या. ‘‘केव्हाची वाळली. ये रे, योगी.’’

सकवारबाई आत गेल्या. मोरीपाशी भरलेली घागर होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि बाहेरच्या खोलीत, मांडलेल्या पाटासकट, रांगोळीसकट, उंबरठ्यापर्यंत ओतली. पाणी कृष्णाबाईंच्या पायांवरून वाहत दारापर्यंत गेलं. कृष्णाबाईंनी लुगडं वर धरलं.

‘‘घसरशील,’’ सकवारबाई दारातून मुलाला म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. ‘‘बाहेर बस. मी आणते.’’

योगीराजनं दाराकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्याकडे मात्र त्यानं जरा उशिरा पाहिलं. मग काढलेली चप्पल त्यानं पायात घातली आणि कट्ट्यावर पाय खाली सोडून बसला.

सकवारबाईंनी त्याला तिथंच वाढलं. तो जेवला. आमटी दोनदा घेतली. तिसऱ्यांदा त्या वाढायला लागल्या तेव्हा त्यानं हात आडवा धरला आणि म्हणाला, ‘‘स्वल्प.’’ त्यांनी थोडी वाढली.

शेषगिरीराव फिरून परत येत होते. ते फाटकापाशी थबकले. ‘‘काय रे योगी, इतक्या दिवसांनी घरी आलास आणि भिकाऱ्यासारखा बाहेर काय जेवतोयस?’’

‘‘फरशी ओली आहे, मामा,’’ योगीराज म्हणाला.

‘‘भर दुपारी?’’

‘‘हो. वाळायला वेळ लागेल.’’

शेषगिरीरावांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. सकवारबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. योगीराजनं पान स्वच्छ करून बाजूला सरकवलं, त्यांच्याच हातून पाणी घेऊन हात धुतले. वस्त्राच्या टोकाला ते पुसणार तोच सकवारबाईंनी पदर पुढं केला. त्यानं पदराला हात पुसले.

तो गेल्यावर कृष्णाबाई फडकं घेऊन खाली बसल्या. ‘‘वेडी आहेस तू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आलेला पोरगा बाहेरच्या बाहेर घालवलास. आता दहा वर्षं पीत बस ती काळी कॉफी.’’

‘‘दहा काय, पंधरा झाली तरी चालतील,’’ सकवारबाई म्हणाल्या. ‘‘त्याचं घरात बसून जेवायचं राहिलंय, वन्सं. ते त्यालाही ठाऊक आहे.’’

आणि नणंदेच्या हातातलं फडकं काढून घेऊन त्या स्वतः फरशी पुसायला बसल्या.