मोठ्या सिस्टर आणि डबीतल्या गोळ्या

ठाण्यापासून कल्याणपर्यंत घरोघरी फिरणाऱ्या, आरोग्य खात्याच्या आम्हा आशाताईंना साहेबलोकांची नसेल इतकी धास्ती एका बाईची आहे, आणि तिच्याएवढा जीवही आम्ही दुसऱ्या कुणावर टाकत नाही. ती म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर. डोंबिवलीत राहणाऱ्या, निवृत्त नर्स. ज्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही, त्यांचे घरातले उरलेले दिवस सुसह्य कसे करायचे, हे त्या आम्हाला शिकवतात. शिकवतात म्हणजे छळतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लाकडी बाकावर झोपवून तासभर हलायचं नाही म्हणून बजावलं. पाठीला रग लागली, नाकावर माशी येऊन बसली. शेवटी मी काकुळतीला आले तेव्हा म्हणतात, "आता पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे वहीत लिहायची गरज नाही."

लाज नावाची गोष्ट त्यांच्या गावीही नाही. दुखण्यावरच्या मॉर्फीनने पोट साफ होत नाही, म्हणून त्या पेशंटना जातायेता फोन करतात. माजिवड्याहून सुटलेल्या भरल्या बसमध्ये त्यांचा खणखणीत आवाज: "संडासला झालं का? कधी? कडक की मऊ?" एकदा पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मागे वळून स्वतःचीही अडचण सांगितली. सिस्टरनी त्यांना त्यांचा स्टॉप येईपर्यंत धारेवर धरलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

माझी पहिली पेशंट ठाण्याजवळच्या दिवा गावातली एक मावशी. तिची एकच इच्छा होती, डोक्यावरून अंघोळ. महिनाभर केसांना पाणी नव्हतं, पण दुखणं एवढं की कुणी हात लावला तरी ती कळवळायची. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फीनची गोळी लिहून दिलेली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले तिचे मिस्टर मात्र ती ओरडली तरच गोळी द्यायचे, बाकीच्या एका डबीत जपून ठेवायचे. काकांचा जन्म दिव्यात, नळाला कधीमधीच येणाऱ्या पाण्याची पिंपं भरण्यात गेलेला. मिळेल ते पुरवून वापरायचं, हे अंगात मुरलेलं. "पुढे जास्त दुखेल, तेव्हा लागतील ना, ताई?" ते म्हणाले. आणि मला ते पटलं! वर मी त्यांच्या व्यवस्थितपणाचं कौतुकही करून आले.

पुढच्या आठवड्यात सिस्टर सोबत आल्या आणि त्यांनी डबी पाहिली. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण त्या काकांजवळ जमिनीवर बसल्या.

"काका, पाणी कधी भरता? नळ आल्यावर की तहान लागल्यावर?"

"नळ आल्यावर. तहान लागेपर्यंत कोण थांबतंय?"

"मग गोळीही तशीच. दुखणं वर यायच्या आत द्यायची, घड्याळ बघून. आणि संपल्या तर आणखी मिळतील, ते माझ्याकडे लागलं."

जिना उतरताना मी माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "चूक माझी. मी तुम्हाला गोळी शिकवली, गोळी साठवणारा माणूस शिकवला नाही."

चार-पाच दिवसांत मावशी कुशीवर वळू लागली. मग सिस्टरनी पदर खोचला, खाटेच्या कडेला प्लास्टिक अंथरलं आणि तिचे केस धुतले. काकांनी अख्खं पिंप पुढे सरकवलं. "हात आखडू नका," म्हणाले. केस धुता धुता मावशीला झोप लागली. दोन महिन्यांनी ती गेली, शांतपणे गेली. हे मला करता आलं ते सिस्टरमुळे, आणि हे ऋण मी आनंदाने जन्मभर वागवीन.

नंतर ठाण्यात नव्या आशाताईंचं ट्रेनिंग होतं. सिस्टरनी काकांना विचारून बोलावून घेतलं. काका उभे राहिले. "जय भीम. माझी बायको ओरडत होती, आणि औषध माझ्याजवळ होतं," एवढंच त्यांना बोलता आलं. सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली. तेवढ्यात कल्याणची एक ताई उठली. "सिस्टर, माझ्या पेशंटकडे पण गोळ्या साठवून ठेवल्यात. मी बघितल्यात. मी बोलले नाही काही." तिने पर्स उचलली. क्लास अर्धवट सोडणाऱ्याची एरवी धडगत नसते. सिस्टरनी स्वतः तिला दार उघडून दिलं.

काका बराच वेळ त्या दाराकडे बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "ताई, ती पोचेल ना वेळेवर?"