जोडीला गर्दी सोसत नाही

पावसाळ्यात लाँच बंद झाली की आमच्या बंदरावरचा तिकीटमास्तर दुपारी तिकीटघरातच तीन पत्तीचा डाव मांडी. मी खेळत नसे, त्याच्या मागे बसून पाही. हातात मोठी जोडी आली की तो पहिलीच चाल दुप्पट करी. "जोडीला गर्दी सोसत नाही," तो म्हणे. "माणसं आधी उठवावीत." चेहरा मात्र तिकीट फाडताना असे तसाच.

एकदा एक नाखवा जाळ्याच्या सुताचे पैसे खिशात घेऊन बसला. नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर होती. जाळं झालं नसतं तर त्याची होडी किनाऱ्यावरच राहिली असती. मास्तरला एक्क्यांची जोडी आली. त्याने चाल दुप्पट केली. बाकीचे उठले, नाखवा उठेना. त्याने शेवटची नोटही टाकली. मास्तरने त्याच्या डांबर लागलेल्या बोटांकडे पाहिलं आणि पत्ते पालथे टाकले. "गेलो."

"भ्यालात काय मास्तर?" नाखवा डावातले पैसे ओढत हसला.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर.

"सूत आणलंत?" मास्तरने विचारलं.

"आणू की उद्या. वाटा पत्ते. नशीब जोरात हाय."

आपण काल काय करून ठेवलं, ते मास्तरला तेव्हा कळलं असावं. त्याने कॅटमधून इस्पिकचा एक्का काढला आणि तिकिटासारखा मधोमध फाडला.

"एकावन्न पानांत डाव होत नाही, नाखवा. सूत आणा."