आक्कांच्या पाळणाघरातली चंदगड गाडी

कोल्हापुरात राजारामपुरीत संयोगिता आक्कांचं पाळणाघर शोधायला पाटी बघावी लागत नाही. रिक्षातनं उतरायचं आणि कान द्यायचा. "राजवीर, चप्पल तोंडातनं काढ!" अशी आरोळी ज्या घरातनं येईल, ते घर.

पोरं सकाळी येतात ती रडत आणि संध्याकाळी घरी जातात तीही रडत. मधल्या वेळात आक्का त्यांना नाचणीची खीर पाजतात, गाणी म्हणून घेतात, ओरबाडे काढणाऱ्यांना दोन कोपऱ्यांत बसवतात आणि मुगाची खिचडी भरवतात. सगळा कारभार आवाजाच्या जोरावर. फक्त दुपारच्या झोपेपुढं तो आवाज हात टेकायचा, कारण ओरडून कुणाला झोपवता येत नाही. एकाला थोपटावं तर दुसरा उठे. दुसऱ्याला आडवं करावं तर अवनीला शू लागे, आणि अवनीला लागली की सगळ्या घराला लागे.

आक्कांचे यजमान आकाराम एसटीत कंडक्टर होते. निम्मा जन्म कोल्हापूर-चंदगड गाडीवर गेला. निवृत्त झाल्यावर घरी पाय पसरून पेपर वाचायचा, एवढीच त्यांची इच्छा. पण घरात पाय ठेवायलाच जागा नव्हती, पसरणार कुठं? ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि पुटपुटत, "एसटीत बरं हुतं. हाफ तिकिटं निदान आईच्या मांडीवर तरी बसायची."

एकदा आक्कांची दाढ ठणकायला लागली. गाल पुरीसारखा टम्म फुगला. मदतीला येणारी चिमणाबाई नेमकी जत्रेला गावी गेलेली. आक्कांनी पोरांची जेवणं उरकली आणि गॅलरीत डोकावल्या.

"अवं, मी दातांच्या डॉक्टरकडं जाऊन येतो. पोरं तेवढी बघा."

"मी?"

"मग काय समोरच्या दुकानदाराला सांगू?"

"आन् झोपली न्हाईत तर?"

"तर जागी ऱ्हातील. पर एक बी दाराबाहेर जाता कामा न्हाय!"

आकारामांनी आतनं कडी घातली. पुढं काय झालं ते आक्कांना नंतर राजवीरकडनं कळलं.

आक्कांची पाठ वळताच पोरांनी रान उठवलं. राजवीर टेबलावर चढला, अवनी पडद्याला लोंबकळली. आकाराम दोनदा "गप" म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. शेवटी वैतागून जुनी सवय तोंडातनं बाहेर पडली.

"चला, पुढं सरका! पुढं जागा हाय!"

पोरं चपापली. आकारामांनी खिचडीची वाटी उचलून चमच्यानं टण टण असे दोन टोले दिले. "चंदगड, चंदगड! गाडी सुटली! उभं कुणी ऱ्हायचं न्हाय!"

सतरंजीवर उशांच्या दोन रांगा लागल्या. पोरं आपापल्या सीटवर आडवी झाली. आकाराम एकेका थांब्याचं नाव पुकारत गेले. कागल आलं.

"आजोबा, मी उतरू?" राजवीरनं विचारलं.

"तुजं तिकीट चंदगडचं हाय. पडून ऱ्हा."

निपाणीला डोळे जड झाले. संकेश्वरला सगळ्यांत धाकटा गुरुप्रसाद अंगठा तोंडात घालून झोपी गेला. गडहिंग्लजला कुणीतरी घोरायला लागलं. नेसरीच्या अलीकडं कंडक्टरसाहेबांनी भिंतीला पाठ टेकली आणि नेसरी काही त्यांनी पाहिली नाही.

डॉक्टरकडची रांग संपवून आक्का संध्याकाळी परतल्या तेव्हा दारात आयांच्या स्कूटर लागल्या होत्या. लाइट गेलेली, त्यामुळं बेल वाजत नव्हती. दार ठोठावून सगळ्यांचे हात लाल झाले होते. आक्कांनी खिडकीतनं आत पाहिलं. पोरं ओळीनं निपचित पडलेली. आक्कांनी घाबरून गजांना कान लावला. तेवढ्यात आकारामांचं घोरणं ऐकू आलं आणि त्या भीतीचा संताप झाला.

"आक्का, तुम्हीच एक हाक मारा की!" राजवीरची आई म्हणाली. "तुमच्या हाकेनं मेलेला पण उठेल."

"म्म्म्!" आक्का म्हणाल्या. दाढ काढलेल्या जागी कापसाचा बोळा होता आणि तोंड उघडायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. गल्ली हलवणारा आवाज नेमका आज घशात अडकला.

अवनीची आई निशिगंधा बँकेत नोकरीला, पण माहेर चंदगडचं. कॉलेजात असताना तिनं आकारामांच्याच गाडीतनं धक्के खाल्लेले. आत उशांच्या दोन रांगा आणि त्यांच्या हातातला वाटी-चमचा तिनं पाहिला, गाडीचा खेळ ओळखला आणि गजांना तोंड लावून ओरडली, "ओ कंडक्टर! नेसरी मागं गेली की! मला उतरायचंय!"

आकाराम ताडकन उभे. वाटीवर एक टोला. "थांबवा, थांबवा! झोपा काढता व्हय गाडीत? आधी सांगाय नगं?" असं म्हणत त्यांनी कडी काढली. "सावकाश उतरा, पोरं सांभा..."

समोर आक्का. फुगलेला गाल, वटारलेले डोळे आणि तोंडातनं अवाक्षर नाही. आकारामांना इतकी भीती लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

आक्कांना वाटलं, आता आया पोरं कायमची घेऊन जाणार. पण निशिगंधा पायरीवर बसून पोट धरून हसत होती आणि तिचं बघून बाकीच्याही हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तक्रारी आल्या, पण निराळ्याच. पोरं रात्री लवकर झोपली नाहीत. राजवीरनं तर वारणानगरहून आलेल्या पाहुण्यांना सोफ्यावर बसवून ठेवलं, थांबा येईस्तोवर उठू दिलं नाही.

आक्कांचा राग उतरला होता, पण मनात सल होताच. थोपटून थोपटून आपले हात मोडले आणि ह्यांनी नुसता चमचा वाजवला! खिचडी झाल्यावर त्यांनी वाटी-चमचा नवऱ्यापुढं ठेवला.

"गाडी काढा. कडी लावायची न्हाय, आन् लवकर पोचवायची."

"गडहिंग्लजला च्या मिळंल का?"

"मिळंल."

खिडकीजवळच्या उशीवरनं अवनी आणि राजवीरची थोडी जुंपली. मग गाडी सुटली. संकेश्वर गेलं तशी घरात सामसूम झाली. आकाराम गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसले. आक्का दोन कप घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. दिवसाच्या या वेळेला दोघं कधी अशी बसलीच नव्हती. आकारामांनी एक घोट घेतला.

"साखर कमी पडली व्हय?" आक्कांनी विचारलं.

"श्शू!" आकाराम म्हणाले. "पॅसेंजर उठतील."