आडावरच्या कंडक्टरबाई

कंडक्टरबाईंना गोड बोलता येत नव्हतं. हे मी त्यांच्या माघारी लिहीत नाही, तोंडावर सांगून झालेलं आहे. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "गोड बोलून एकबी माणूस कधी गाडीत पुढं सरकला न्हाई." सगळी नोकरी एस.टी.त गेली. वसमत, हट्टा, कुरुंदा, पुन्हा वसमत. बाजाराच्या दिवशी कोंबड्या, हळदीची पोती, रडणारी लेकरं आणि एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सासवा-सुना एकाच गाडीत कोंबून त्यांनी ठिकाणावर पोचवल्या. निवृत्त झाल्यावर अंगावरची खाकी उतरली. आवाज मात्र शेवटपर्यंत ड्युटीवर होता.

तांड्यावरची ही बाई नोकरीमुळे आमच्या गल्लीत राहायला आली आणि नवरा वारल्यावरही इथंच राहिली. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा चळवळीतल्या सवयीनं "मावशी" म्हणाले. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मावशी कोणाची? माझी बहीण तुमच्या घरात दिली व्हय? कंडक्टर म्हण." त्यानंतर त्या मला कायम 'पत्रकवाली' म्हणाल्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं का, याची मला आजही शंका आहे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की गावाची बदनामी होते, आणि आमच्या गावाला घाणीचा त्रास होत नसला तरी बदनामीचा फार होतो. गल्लीच्या मधोमध एक दगडी आड आहे. नळ आले तसं लोकांनी आडाकडं पाठ फिरवली. पुढं नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायला लागलं, तरी आडाची आठवण कोणाला झाली नाही. आठवण व्हायची ती फक्त घरातलं काही फेकता येत नसेल तेव्हा. देवाचा जुना फोटो कचऱ्यात कसा टाकायचा? मग तो आडात. खंडित मूर्ती, वाळलेले हार, मखराचा थर्माकोल, पूजेचं उरलंसुरलं, सगळं कॅरीबॅगेत बांधून आडात. याला 'टाकणं' म्हणायचं नाही, 'सोडणं' म्हणायचं. वर दोन्ही हात जोडायचे. अशा श्रद्धेनं आमच्या लोकांनी एक जिवंत आड अर्ध्यापर्यंत भरत आणला.

बाईंचं घर आडासमोर. पिशवी घेऊन येणारा दिसला की त्या ओट्यावरून उठायच्या.

"काय हाय पिशवीत?"

"निर्माल्य हाय, बाई."

"फुलं निर्माल्य. पिशवी काय हाय? देवाला प्लास्टिक वाहिलं होतं व्हय?"

माणूस ओशाळून परत जायचा आणि संध्याकाळी बाई भाकरी थापायला आत गेल्या की येऊन पिशवी सोडायचा. आमच्या लोकांची श्रद्धा अशी चिवट.

माझ्या पत्रकांचा बाईंना मनस्वी तिटकारा होता. 'आड वाचवा, गाव वाचवा' हे पत्रक मी स्वतः लिहिलं होतं, आणि ते चांगलं होतं असं माझं आजही मत आहे. बाईंनी ते ओट्यावर बसून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं. "हे वाचून खाली कोण उतरंल?"

"बाई, आधी लोकांना जागं करावं लागतं."

"लोकं जागीच हायत. झोपले असते तर एवढा कचरा कोण टाकला असता?"

आडाच्या जिवावर खरं बेतलं ते आमच्या नगरसेवकामुळं. त्याला आड बुजवून तिथं वारलेल्या वडलांच्या नावानं सभामंडप बांधायचा होता. गल्लीला आनंद झाला. वाढदिवस, बारशी, सगळं सावलीत होणार होतं. पाणी कुठून येणार, हे विचारणारी मी आणि माझ्यासोबतची तीन-चार पोरं. आम्ही निवेदन दिलं, सह्या घेतल्या. ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच नगरसेवकाला जाऊन सांगितलं की पोरीनं गळ घातली म्हणून केल्या.

बाईंनी निवेदन दिलं नाही. त्या तांड्यावर गेल्या आणि भावाला घेऊन आल्या. भाऊ विहिरी खोदायचा. त्याच्याकडं यारी होती, म्हणजे विहिरीतला गाळ वर ओढायचं यंत्र. "कोरडा आड बुजवायला कोणालाबी सोपं," बाई म्हणाल्या. "पाण्यानं भरलेला बुजवताना हात कापतो. आधी पाणी दाखवू."

काम सकाळी सुरू झालं आणि लगेच थांबलं. पहिल्याच टोपल्यात देव वर आले. काच फुटलेल्या तसबिरी, कान तुटलेला गणपती, लाल कपड्यात बांधलेलं काहीतरी. यारीवरच्या माणसांनी हात मागं घेतले. गाळ काढू, दगड काढू, देवाला हात लावणार नाही. भाऊही म्हणाला, "बाई, हे पाप आपल्याला लागंल."

बाईंनी पदर खोचला आणि टोपल्यात बसल्या. भाऊ ओरडत होता, गल्ली मोबाइल काढून शूटिंग करत होती. साठीतली बाई दोर धरून त्या घाणीत उतरली. तिला हात द्यायला एकही माणूस पुढं आला नाही, पण व्हिडिओ मात्र सगळ्यांकडं आहे. तो बघून आता हळहळतात. तेव्हा त्यांचा एक हात तरी मोकळा होता, हे मला त्या व्हिडिओतच दिसतं.

दुपारी त्या वर आल्या तेव्हा चिखलानं माखलेल्या होत्या. त्यांनी सगळे देव आडाच्या काठावर उन्हात मांडले. मग एकेक उचलून त्या गर्दीला दाखवू लागल्या, अगदी थांब्याचं नाव पुकारावं तसं. "हा गणपती कोणाचा? कोण उतरवून घेणार? ही देवी कोणाची? मखमलीची चौकट हाय, गरिबाची न्हाई." सगळ्यांना सगळं ओळखू येत होतं. प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बघत होता. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "देवाची विटंबना करून राहिली ही बाई!"

"मी काढले तर विटंबना, आन तुमी टाकले ती भक्ती व्हय?"

त्याच ढिगात एक फोटो होता. देवाचा नव्हता, माणसाचा. टोपी घातलेला म्हातारा, गळ्यात काळा पडलेला चंदनाचा हार. बाईंनी पदरानं काच पुसली आणि थबकल्या. "हे तर कुरुंद्याहून यायचे. बाई माणूस चढलं की आधी उठून जागा द्यायचे." मीही वाकून बघितलं आणि मला ओरडावंसं वाटलं. नगरसेवकाचा बाप! नव्या बंगल्यात नवा मोठा फोटो लागला असणार आणि जुना इथं सोडलेला. ज्याच्या नावानं सभामंडप, तोच आडात.

मी मोबाइल काढला. बाईंनी माझा हात खाली दाबला.

"बाई, हा पुरावा आहे! एवढा एक फोटो ग्रुपवर टाकला की तो तोंड दाखवायचा नाही."

"पुरावा न्हाई. म्हातारा हाय तो. ठेव फोन."

मी भांडले. चळवळीत असं चालत नाही म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तशाच चिखलाच्या पायांनी त्या नगरसेवकाच्या बंगल्यावर गेल्या. मी रागातच मागं गेले.

नगरसेवक सोफ्यावर बसला होता. बाईंनी फोटो टीपॉयवर ठेवला. "हे तुमचं."

"कुठं सापडलं?"

"तुमी सोडलं तिथंच."

तेवढ्यात आतून त्याची आई आली. फोटो बघून तिनं आधी डोक्यावर पदर घेतला. मग पोराकडं वळली. "हा दुरुस्तीला दिला म्हणलास ना रं?"

"आई, तू आत जा."

म्हातारी आत गेली नाही. बसलीही नाही. बाई बाहेर पडल्या आणि मी वाटभर त्यांना बोलत राहिले. हाती आलेलं हत्यार कोणी असं परत देतं का?

नगरसेवकाला लाज वाटली असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं आमच्या गावात येऊन राहावं. त्यानं भावना दुखावल्याचा अर्ज करवला. बाईंना ठाण्यात बोलावलं, दिवसभर बाकावर बसवलं. त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाक चांगला होता. आमच्या गाडीच्या सीटपरीस बरा." दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर जेसीबी आला. मागं मुरमाची गाडी.

आम्ही पोरांनी घोषणा दिल्या. जेसीबीवाला कानात इअरफोन घालून बसला. बाई आडाच्या काठावर बसल्या. नगरसेवकाची माणसं त्यांना उठवायला पुढं सरकली आणि तेव्हा गर्दीतून ती म्हातारी आली. बंगल्यापासून पायी. तिनं जेसीबीवाल्याला हातानं थांबवलं.

"काय करून राहिला?"

"आड बुजवायचा हाय, आजी."

"माझा माणूस ह्याच्यात टाकला होता यांनी," म्हातारी म्हणाली. "आता वरून माती बी टाकायची व्हय?"

नगरसेवक धावत आला, आईच्या हाताला धरू लागला. तिनं हात झटकला आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसली. मुरमाची गाडी भरलेलीच परत गेली.

खरं सांगते, मला याचा आजही राग येतो. आमचं निवेदन, आमची पत्रकं, पाण्याचा हक्क, यातलं काहीच कामाला आलं नाही. आड वाचला तो एका घरातल्या लाजेवर. याला मी विजय म्हणत नाही, आणि तसं मी बाईंना सांगितलं. त्या पाय धूत होत्या. "गाडी पोचली ना? मंग कोणत्या रस्त्यानं पोचली, ते काहून विचारतीस?"

उरलेला गाळ निघाला. तळाला झरा मोकळा झाला आणि पाणी चढू लागलं. बाईंनी भिजलेले कागद आणि मातीच्या मूर्ती ओढ्याकडं खड्ड्यात पुरल्या, काच भंगारात दिली. आडाला जाळी बसली. मग काय, गल्लीतल्या प्रत्येकानं आड उपसला होता! कोणी दोर धरला होता, कोणी कल्पना दिली होती. नळाला पाणी नसलं की त्याच बायका घागरी घेऊन रांगेत, आणि जाळीवर कोणी चूळ भरली की बाई ओरडणार, आणि पाठ फिरली की सगळ्या म्हणणार, "लई तोंडाळ हाय बाई."

आता जे लिहिते ते गल्लीला आवडणार नाही. समोरच्या घरातली अश्विनी बाळंत झाली. आमच्याकडं बाळंतीण घराबाहेर पडली की आधी पाणी पुजते. आड बिघडल्यापासून बायका कोणाच्या तरी बोअरच्या नळाला हळद-कुंकू लावून वेळ निभवायच्या. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा आड पुजला जाणार होता. गल्लीतल्या सगळ्या सवाष्णी जमल्या. ओट्या भरल्या, काठावर खडे मांडून हळद-कुंकू वाहिलं. कंडक्टरबाईंना बोलावणं नव्हतं. त्या विधवा. आडापासून चार पावलांवर त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

मी तिथंच आवाज चढवला. अश्विनीच्या सासूला विचारलं, हा आड कोणी उपसला ते विसरलात का? अश्विनी मान खाली घालून उभी होती. बाईंनी मला हाक मारली. "ए पत्रकवाली, इकडं ये. बाळंतीण हाय ती. तिच्या कार्यात तमाशा नको."

"पण आड तुम्ही उपसला ना!"

"उपसला म्हणून माझा झाला व्हय? गाडी काय कंडक्टरची असती?"

म्हणाल्या खरं. पण मेथीची जुडी हातात तशीच राहिली होती. थोड्या वेळानं त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यांचं दार दिवसाउजेडी लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. छातीत कफ भरला, आणि दवाखान्यात जायला कबूल होईपर्यंत उशीर झाला होता. तांड्यावरची माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. गल्लीच्या मोबाइलवर दिवसभर हात जोडलेली चित्रं फिरली. नगरसेवकानं आडाच्या जाळीला त्यांचा भला मोठा फ्लेक्स बांधला. त्याच्यावर त्यांच्या फोटोपेक्षा त्याचा फोटो मोठा होता. तो फ्लेक्स मी फाडला. ज्याला अर्ज करायचा असेल त्यानं खुशाल करावा.

नगरसेवकाची आई अलीकडं अंथरुणावर आहे, घराबाहेर पडत नाही. म्हणून या उन्हाळ्यात सभामंडपाचा विषय पुन्हा निघाला. मी बातमी ऐकून आडावर गेले तेव्हा टेप घेऊन दोन माणसं माप घेत होती. गल्ली आपापल्या दारात उभी राहून बघत होती. अश्विनी लेकरू कडेवर घेऊन आडाजवळ उभी होती. तिची सासू दारातून हाका मारत होती, "आत ये गं, तुला काय करायचं?" अश्विनी हलत नव्हती.

मी तिला त्या दिवसासाठी माफ केलेलं नव्हतं. म्हणून सरळ विचारलं, "त्या दिवशी बाईंना का बोलावलं नाहीस?"

"सासूला भेले."

"मग आज नाही भ्यालीस?"

"आजबी भेलेच की," ती म्हणाली. टेप धरलेला माणूस आडाला वळसा घालून आमच्या बाजूला आला. अश्विनीनं लेकरू माझ्या हातात दिलं, पुढं झाली, त्याच्या हातातून टेपचं टोक ओढून घेतलं आणि ते मुठीत घट्ट धरून उभी राहिली.