कानसेनचं धनुष्य

त्याचं खरं नाव विचारलं तर लोक डोकं खाजवत. सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि ते काही गाण्याबिण्यामुळे नव्हे. तो धनुष्यं घडवायचा, जुन्या पद्धतीची, रुंद चपट्या पात्यांची, आणि लाकडाच्या पोटात काय चाललंय ते म्हणे त्याला ऐकू यायचं.

यात चमत्कार वगैरे काही नव्हता. तासलेलं धनुष्य तो भिंतीवर आडवं टांगायचा, दोरी कप्पीवरून खाली घ्यायचा आणि बोटबोट ओढत कान लावून उभा राहायचा. चपट्या धनुष्याचं एक बरं असतं, ताण सगळ्या पात्यावर वाटला जातो. म्हणून ते हाताला हिसका देत नाही, खेचताना शेवटी एकदम जड होत नाही, आणि बाण असा सुटतो की शेजारच्याला पत्ता लागू नये. पण आतला एखादा तंतू तुटला की ते 'टिक्' करतं. बारीक, एकदाच. मग ते कितीही देखणं असो, कानसेन करवत काढून त्याचे दोन तुकडे करायचा. कारण असं धनुष्य कधी ना कधी पूर्ण ताणात फुटतं, आणि तुटकं पातं ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरातली किटली शिट्टी देईनाशी झाली. त्याने नवी आणली, तीही मुकीच निघाली. बायको म्हणाली, मुकी कसली, घर डोक्यावर घेते ती. तिथेच त्याला सगळं उमगलं. आणि या शहाण्याने काय करावं? हसून वेळ मारून नेली! माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या, बारीक आवाज तेवढे गेले होते. डॉक्टरकडे जायचं म्हणजे गावभर बोभाटा. मग आपल्याला कानसेन कोण म्हणणार? हाताला अंदाज आहे की, अशी स्वतःची समजूत घालून तो मूग गिळून बसला. भिंतीपाशी पूर्वीसारखाच कान लावून उभा राही. कुणाचं बोलणं नीट कळलं नाही की 'हो, हो' म्हणायची खोडही तेव्हाचीच. त्या दोन वर्षांत करवत एकदाही हातात घ्यावी लागली नाही. गिऱ्हाईकं म्हणत, हात काय बसलाय याचा!

अशात लेकीची निवड चाचणी आली. मोठ्या संघात जायची तिची ही शेवटची संधी, आणि तिने हट्टाने बापाच्याच हातचं धनुष्य मागितलं. ते घडवताना तो जेवणखाण विसरला. चाचणीच्या सकाळी तिच्या पाठीशी उभा राहिला. पहिल्या फेरीतले तिन्ही बाण मधोमध लागले आणि कानसेनची स्वारी खुशीत येऊन बाकावर बसली.

दुसरी फेरी सुरू होत होती. शेजारी बसलेली बायको सहज म्हणाली की, कामाच्या खोलीत पाल शिरलीय, तिचं काहीतरी करा.

"कसली पाल?"

"अहो, तुम्ही हिचं धनुष्य भिंतीवर ओढत होतात ना, तेव्हा नाही का चुकचुकली? मी विचारलंसुद्धा, ऐकलंत का म्हणून. तुम्ही हो, हो म्हणालात."

त्या खोलीत कधी पाल नव्हती. तो उठून धावत सुटला, पण पोचेपर्यंत लेकीने दोरी गालापर्यंत ओढली होती. हाक मारावी तर दचकेल. तो श्वास रोखून तिच्या डोळ्याकडे, गालाकडे पाहत राहिला. बाण सुटला तसं त्याने धनुष्य तिच्या हातातून हिसकावूनच घेतलं.

"मला ऐकू येत नाही गं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. बारीक काहीच ऐकू येत नाही."

लेक म्हणाली, "आज पहिल्याच बाणाला टिक् झालं होतं, बाबा. तिसऱ्यालाही. तुम्ही मागेच होतात. म्हटलं, काही असतं तर बाबांनी ओढूच दिलं नसतं."

त्याने धनुष्याच्या पात्यावरून नख फिरवलं. मुठीच्या वर वीतभर अंतरावर ते एका आडव्या रेषेत अडकलं. रेष केसाएवढी होती. लेक वाचली म्हणून त्याचे डोळे भरून आले. ती मात्र धनुष्याकडे बघतच नव्हती. संघात जायचं राहिलं, हेही तिच्या तोंडून निघालं नाही. ती नेम धरायच्या रेषेवर उभ्या बाकीच्या धनुर्धरांकडे बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आणि यांची?"

रेषेवर आणखी दहा जण होते. सात जणांच्या हातांत त्याने या दोन वर्षांत घडवलेली धनुष्यं होती. टोकाची चष्मेवाली शिक्षिका तर मागच्याच महिन्यात घेऊन गेली होती. पुढच्या बाणासाठी सगळ्यांचे हात वर चालले होते.

तो 'थांबा, थांबा' ओरडत रेषेच्या कडेने धावला. दोघातिघांनी हात खाली घेतले. बाकीच्यांच्या दोऱ्या तोवर गालांपर्यंत आल्या होत्या. तो एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत पळत होता, टिक् ऐकून कुणी दचकतंय का ते. आता ऐकायचं म्हटलं तर त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.