डब्यांवरचा पहारा

ज्या ऑफिसात सगळं सुरळीत चालतं, तिथे किस्से तयार होत नाहीत. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात मात्र साठा संपता संपत नाही.

आमचं अॅप पेशंटना रक्त-लघवीचे रिपोर्ट मोबाइलवर दाखवतं. ते कंटेनरमध्ये चालतं. म्हणजे एका मोठ्या प्रोग्रामचे तुकडे करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेले. माझ्या वडिलांनी कणकवलीला सांगून टाकलं की पोरगा कंटेनर सांभाळतो. गणपतीला गावी गेलो, तर एका काकांनी बाजूला घेऊन आपल्या मुलासाठी विचारलं, "माझ्या झिलाक बंदरार कामाक लावशीत काय रे?"

*

कुठला डबा कधी आडवा झाला, हे आम्हाला कळायचंच नाही. आमचं मॉनिटरिंग म्हणजे प्राजक्ताची आई. प्राजक्ता आमच्यातली सगळ्यात हुशार इंजिनीअर, राहायला मुलुंडला. आईला डायबिटीस, त्यामुळे ती अॅप सारखं उघडायची. अडकलं की लेकीला फोन. ही सिस्टीम फुकट होती आणि कधी बंद पडली नाही. म्हणूनच आमच्या मॅनेजर सावंत सरांना ती प्रोफेशनल वाटायची नाही.

*

मग खरं मॉनिटरिंग आलं. प्रत्येक डब्यात एक छोटा पहारेकरी प्रोग्राम बसवायचा, तो आतल्या कामाचा वेग मोजणार. प्राजक्ता म्हणत होती, आधी एक-दोन डब्यांत बसवून बघू. सरांनी एका दुपारीत सगळीकडे बसवायला लावले. पहारेकऱ्यांनीच इतकी मेमरी खाल्ली की अॅप कोसळलं. ते कसं कोसळलं, याचे आलेख मात्र अप्रतिम आले. सर कौतुकाने बघत राहिले.

प्राजक्ता शांतपणे म्हणाली, "पेशंट गेला, पण ईसीजी काय झकास आलाय ना."

*

पहारेकरी हलके केले, भिंतीवर टीव्ही लागला. ठीक चाललं तर हिरवं, नाहीतर लाल. सुरुवातीला लालच लाल. रिपोर्टसाठी लोक किती ताटकळतात, ते आम्हाला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. प्राजक्ता जेवण सोडून कारण शोधत बसली.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "लाल कधी व्हायचं, ते आपणच ठरवतो ना रे?"

मी टाळाटाळ केली, तर त्यांनी ते सेटिंग स्वतःच शिकून घेतलं. मी तिथे लागल्यापासून त्यांनी शिकलेली ही पहिली टेक्निकल गोष्ट. संध्याकाळपर्यंत टीव्ही हिरवागार. अॅप होतं तसंच रखडत होतं.

*

पुढे क्लायंटची माणसं पवईहून हे सगळं बघायला आली. सरांनी केक मागवला होता. टीव्हीकडे हात करून ते म्हणाले की आज सकाळपासून एकही एरर नाही. टाळ्या पडल्या.

प्राजक्ता लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. ती उठली, सरांजवळ गेली आणि तिने हळूच सांगितलं की सकाळी आपण केलेल्या बदलाने अॅपचं बाहेरचं दारच बंद झालंय. तेव्हापासून एकही पेशंट आत आलेला नाही.

सरांच्या हातातली सुरी केकवर थांबली. मग त्यांनीही तितक्याच हळू आवाजात विचारलं, "म्हणजे कोणी तक्रार करणार नाही ना?"